किडनी नवी, हृदय मात्र जुनेच



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यातील एका खेड्यातले, जिनिंगमध्ये हमाली करणारे एक गृहस्थ दर आठवड्याला डायलिसिससाठी हेलपाटे घालत होते. त्यांच्या पत्नीने स्वतःची एक किडनी त्यांना दिली. योजनेचे फॉर्म, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, तहसीलचे दाखले ही सगळी धावपळ आम्हीच केली होती. ऑपरेशन चांगले झाले. गडी परत आला तेव्हा वस्तीतल्या विहारासमोर लोकांनी पेढे वाटले. आम्हालाही वाटले की आपले काम झाले.

इथेच आमचे चुकले.

पुढे त्यांनी किडनीच्या गोळ्या नेमाने घेतल्या. बीपीची गोळी मात्र सोडली. आम्ही एकदा विचारले तेव्हा हसून म्हणाले, "भाऊ, किडनी तं नवी बसवली ना, आता बीपीची गोळी कायले खाऊ?" खर्राही पुन्हा सुरू झाला होता. आम्ही ते पाहिले आणि गप्प बसलो. एका बाजाराच्या दिवशी त्यांना दम लागला, घाम सुटला, जबडा दुखू लागला. गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन ते घरी येऊन निजले. सकाळ झाली तेव्हा ते राहिले नव्हते. त्यांच्या पिशवीत आठ दिवसांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट होता. क्रिएटिनिन १.२, म्हणजे किडनी ठणठणीत. वहिनी आम्हाला एवढेच म्हणाल्या, "माही किडनी तं चांगलीच होती ना, भाऊ?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आजचा हा लेख.

हे दुखणे केवळ गरिबाचे नाही. देशाच्या परराष्ट्रमंत्री राहिलेल्या सुषमा स्वराज यांना १० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात किडनी बसवण्यात आली. त्यानंतर त्यांनी मंत्रिपदाचे काम जोमाने केले. ६ ऑगस्ट २०१९ च्या रात्री हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांना मधुमेहही होता. जगभरातील डॉक्टरांचा अनुभव असा आहे की, बसवलेली किडनी चालू असताना जे रुग्ण दगावतात, त्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण हृदय व रक्तवाहिन्यांचा विकार हेच असते.

घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. डायलिसिसवर राहणाऱ्याच्या हृदयाला जेवढा धोका असतो, त्यापेक्षा किडनी बसवलेल्याला तो कमी असतो. किडनी बसवणे फायद्याचेच आहे. धोका कमी होतो, पण तो संपत नाही, एवढेच ध्यानात ठेवावे.

असे का होते? आपल्याकडे बोअरचे पाणी क्षाराचे असते. वर्ष-दोन वर्षांत नळाच्या पाईपला आतून पांढरा थर चढतो आणि धार बारीक होते. किडनी बिघडलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांचे तसेच होते. रक्तातले कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण बिघडते आणि रक्तवाहिन्या कडक होतात. वाढलेल्या बीपीशी झगडून हृदयाची भिंत जाड होते. ही झीज डायलिसिसच्या वर्षांतच, किंबहुना त्याही आधी झालेली असते. नवी किडनी बसवली म्हणजे जुना पाईप नवा होत नाही. शिवाय अनेकांना ठाऊक नसते की, जुन्या किडन्या बहुधा काढतच नाहीत. त्या जागेवरच राहतात आणि नवी किडनी खाली ओटीपोटात बसवतात. जुन्या किडन्यांमुळेही बीपी चढते राहू शकते.

दुसरे कारण औषधांचे. शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांतल्या टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरीनने बीपी वाढू शकते. टॅक्रोलिमस व प्रेडनिसोलोन यांनी साखर वाढू शकते. ज्याला कधी मधुमेह नव्हता त्यालाही तो नव्याने होतो. प्रेडनिसोलोनने भूक व वजनही वाढते. हे वाचून कोणी गोळी बंद केली, तर मात्र अनर्थ होईल. एक दिवससुद्धा गोळी चुकवू नये. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. प्रमाण कमी-जास्त करायचे ते तेच करतील.

मग आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे.

बीपी साधारण १३०/८० च्या आत राहावे असे डॉक्टर सांगतात. डोके दुखले तरच बीपी मोजायचे, ही समजूत सोडावी. बीपी गुपचूप वाढते. घरी मशीन घेणे परवडत नसेल तर आरोग्य उपकेंद्रात मोजून घ्यावे आणि आकडा वहीत तारखेसह लिहावा. डॉक्टरांपुढे ती वही ठेवली की त्यांचेही काम सोपे होते.

मीठ कमी करावे. दिवसभराचे सगळे मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. आपल्या ताटात मीठ भाजीतून येते, तसेच लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण यांतूनही येते. बाजारात "कमी सोडियमचे" म्हणून जे मीठ मिळते, ते मनाने घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते आणि या रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढण्याची भीती असते.

खर्रा, तंबाखू, बिडी बंद म्हणजे बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण आमच्या यवतमाळात पानठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज काही थांबलेला नाही. घरच्यांनी पेशंटला रागावण्यापेक्षा स्वतः सोडून दाखवावे.

कोलेस्टेरॉलची गोळीही पुष्कळांना लागते. युरोप व कॅनडातील २,१०२ किडनी बसवलेल्या रुग्णांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. फ्लुव्हास्टॅटिन ही गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू व हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. सगळ्या कारणांनी होणारे एकूण मृत्यू मात्र घटले नाहीत. म्हणजे गोळी उपयोगाची आहे, पण एकटी पुरत नाही. यातल्या काही गोळ्या सायक्लोस्पोरीनबरोबर चालत नाहीत, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून मेडिकलमधून आणू नयेत.

तीच गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किडनीला घातक आहेत. टीबीची आणि काही अँटिबायोटिक औषधे किडनीच्या गोळ्यांचा असर कमी-जास्त करतात. पपनसाने टॅक्रोलिमसचे प्रमाण रक्तात वाढू शकते. कोणत्याही दवाखान्यात गेलो की पहिले वाक्य हेच असावे: "मला किडनी बसवली आहे."

आणि लक्षणे ओळखावीत. मधुमेह असलेल्याला झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही. नुसता दम लागणे, दरदरून घाम, जबड्यात वा हातात दुखणे, एकाएकी गळून जाणे, हीसुद्धा झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सोडा पिऊन निजू नये. १०८ ला फोन करावा. तपासणीसाठी रंगद्रव्य टोचावे लागले तर किडनीची काळजी घेऊन ते करता येते. त्या भीतीने उपचार नाकारू नयेत.

खर्चाविषयी थोडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा पूर्वी २.५ लाख रुपये होती, ती ४.५ लाख करण्यात आली. हृदयाच्या अनेक उपचारांचाही योजनेत समावेश आहे. प्रत्येक संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांचे आणि औषधांचे काय मिळेल, हे त्याला सुट्टी होण्याआधीच विचारून घ्यावे. लाजू नये. तो आपला हक्क आहे.

शेवटी किडनी देणाऱ्याविषयी. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आई नाही तर पत्नी. ऑपरेशननंतर सगळे घर पेशंटभोवती फिरते आणि देणारी चौथ्या आठवड्यात निंदणाला जाते. तिच्याकडेही आता एकच किडनी आहे. वर्षातून एकदा तिचे बीपी, लघवी व क्रिएटिनिन तपासलेच पाहिजे.

त्या वहिनींना आता दर वर्षी आम्ही स्वतः तपासणीला घेऊन जातो. उशिराने का होईना, एक काम पूर्ण करतो आहोत. तुमच्या वस्तीत कोणाला किडनी बसवली असेल, तर या रविवारी त्यांच्या घरी जा. तब्येत कशी आहे एवढेच विचारून परत येऊ नका. बीपी किती आहे तेही विचारा, आणि देणारीचेही विचारा.