कुलूप मोडण्यापूर्वीं

जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवूं गेलें असतां पडद्यावर कधीं कधीं 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असे शब्द उमटतात व काम जागींच थांबतें. अशा वेळीं जाणते म्हणविणारे लोक बहुधा एकच उपाय सांगतात: 'सिक्युअर बूट बंद करा.' १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. तेव्हां घरचा जुना संगणक भंगारांत न घालतां त्यावर लिनक्स बसवावें, हा विचार पालकांनीं अवश्य करावा. सी-डॅक या आपल्या देशी संस्थेची 'बॉस' प्रणालीही लिनक्सच आहे. परंतु वरील सरसकट उपाय आम्हांस मान्य नाहीं.

हें कुलूप काय करतें तें प्रथम पाहूं. संगणक सुरू होतांच त्यांतील यूईएफआय हा मूळ प्रोग्रॅम, पुढें चालावयाच्या प्रोग्रॅमवरील सही आपल्याजवळील किल्ल्यांशीं ताडून पाहतो. सही ओळखीची नसेल, किंवा बाद ठरलेल्यांच्या यादींत असेल, तर तो दार उघडीत नाहीं. कारण कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वींच आंत शिरलेला चोर पुढें सहसा सांपडत नाहीं.

अडथळ्याचीं कारणें मात्र अनेक असतात. ऑगस्ट २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या एका सुधारणेनें लिनक्सचे कांहीं जुने आरंभक बाद ठरविले, व विंडोजशेजारीं नांदणारें लिनक्स कित्येकांच्या संगणकांवर चालेनासें झालें. अशा ठिकाणीं आरंभकाची नवी प्रत हाच खरा उपाय होय.

आमच्या लोणारच्या सरोवराचा खळगा ज्वालामुखीचा, असें पुष्कळ काळ मानलें जाई. भोंवतीं सारा बसाल्ट असल्यामुळें तें पटेही. पुढें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तेथील खडकांतील आघाताच्या खुणा दाखवून उल्कापाताचें कारण पुढें आणलें. प्रथम सुचणारें कारण खरेंच असतें असें नाहीं.

कोणी म्हणेल, 'यंत्र आमचें, मग परक्या कंपनीच्या किल्लीची परवानगी कां मागावी?' आक्षेपांत तथ्य आहे; लिनक्सच्या 'शिम' आरंभकावर बहुधा मायक्रोसॉफ्टचीच सही असते. तथापि साधारण संगणकांत मालकास स्वतःची किल्लीही नोंदवितां येते. ज्यास हक्क हवा त्यानें किल्ली वापरावयास शिकावें; दारच काढून ठेवूं नये.

म्हणून विद्यार्थ्यांनीं क्रम पाळावा. प्रथम आपल्या वह्या, छायाचित्रें इत्यादींची प्रत दुसरीकडे ठेवावी. विंडोजमध्यें 'बिटलॉकर' चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून घ्यावी; ती नसतां कुलपाशीं खेळ केल्यास आपलेच कागद आपणांस कायमचे बंद होतील. मग प्रणालीची नवी प्रत अधिकृत ठिकाणाहून घेऊन ती अखंड उतरली कीं नाहीं तें ताडावें. तरीही अडल्यास यूईएफआयच्या मांडणींत इतरांच्या सहीस परवानगी आहे काय, तें पाहावें. एखादा ड्रायव्हरच अडत असेल, तर पुन्हां सुरू करतांना निळ्या पडद्यावर 'एन्रोल मॉक' निवडून त्याची किल्ली नोंदवावी.

इतकें करूनही मार्ग न निघाल्यास सिक्युअर बूट बंद करण्यास आमची हरकत नाहीं. मात्र तें समजून करावें, व काम होतांच शक्य तर पुन्हां चालू करावें. अडचण दिसतांच पहारेकऱ्यास घरीं पाठविणें सोपें आहे. त्यानें कां अडविलें हें त्यास विचारणें, यासच आम्ही विद्या म्हणतों.