खानापूरच्या वाटेवर निघण्यापूर्वी

वार्षिक सहलीचा विषय निघाला की आमच्या वर्गात बहुधा त्याच त्या मोठ्या स्थळांची नावे उच्चारली जातात. राजवाडे, धरणे, समुद्रकिनारे पाहण्यासारखे असतात यात शंका नाही. परंतु बेळगावपासून अवघ्या २६ किलोमीटरांवर असलेला खानापूर तालुका, आणि त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत पसरलेला अरण्यप्रदेश, आमच्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे? हा प्रदेश अवश्य पाहावा, मात्र नीट आखणी केल्यावाचून तिकडे पाऊल टाकू नये, असे आमचे नम्र मत आहे. ते आम्ही अनुभवाने बनविले आहे.

गतवर्षी परीक्षा आटोपताच, एप्रिल महिन्यात, आम्ही तीस-पस्तीस विद्यार्थी उत्साहाच्या भरात त्या बाजूस निघालो. कोठे थांबावयाचे, काय खावयाचे, परत कसे यावयाचे, याचा विचार कोणीच केला नव्हता. बरोबर आणलेले पाणी अकरा वाजेपर्यंत संपले. भर दुपारी एका लहानशा वाडीत शिरून आम्ही पाणी मागितले. एका मावशींनी काही न बोलता घरातील दोन भरल्या घागरी ओट्यावर आणून ठेवल्या. आम्ही पाणी प्यालो, तोंडे धुतली, उरलेले एकमेकांच्या अंगावर उडविलेसुद्धा. निघताना पाहिले, तो त्याच मावशी रिकाम्या घागरी घेऊन उतरणीच्या वाटेने चालल्या होत्या. विहीर किती लांब आहे, असे आमच्यापैकी एकाने विचारले. "हाय थोडी लांब. तुमी जावा बाळांनो, उन्हं लागतील," एवढेच त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर बसमध्ये नेहमीची गाणी कोणी म्हटली नाहीत.

पावसाळ्यात जेथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, तेथे उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून पहिली सूचना ऋतूची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रदेशासाठी उत्तम. पावसाळ्यात ओढे अचानक फुगतात, रानवाटा निसरड्या होतात आणि जळवांचा त्रास होतो. उन्हाळ्यात गावाच्या पाण्यावर आपला भार पडतो. कोणत्याही ऋतूत प्रत्येकाने स्वतःपुरते पाणी घरूनच न्यावे.

दुसरी सूचना वाटेची. खानापूरपर्यंत आगगाडीही जाते आणि बसही. पुढे आतल्या गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या मोजक्या असतात. म्हणून जाण्याच्या गाडीआधी परतीच्या गाडीची चौकशी करावी. रानात भ्रमणध्वनीवर विसंबून राहू नये. आवश्यक ते क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत व सुटे पैसे जवळ ठेवावेत. गवे व अस्वले यांचा वावर असलेला हा मुलूख आहे, त्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी मोठ्या रस्त्यावर परतलेच पाहिजे.

तिसरी सूचना, काय पाहावयाचे ते आधी ठरविण्याची. एका दिवसात सर्व तालुका पालथा घालण्याचा हव्यास धरू नये. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी हलशी गाठावी. कदंबांच्या ताम्रपटांत पलाशिका म्हणून येणारे नगर ते हेच. तेथील भूवराह नरसिंह मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत, ते दृश्य सावकाश पाहण्याजोगे आहे. नंदगड येथे संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या या वीरास १८३१ साली फाशी देण्यात आले.

भूगोलाची गोडी असणाऱ्यांनी जांबोटीवरून कणकुंबीला जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील या गावी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते व तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. याच तालुक्यातील देगावच्या परिसरात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेस वळते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रास मिळते. एकाच तालुक्यातील पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, ही गोष्ट नकाशात वाचणे वेगळे आणि त्या डोंगरावर उभे राहून समजून घेणे वेगळे.

अरण्याच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. भीमगडचा परिसर २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे, तेव्हा वनखात्याची रीतसर परवानगी घेतल्यावाचून आत जाऊ नये. तेथील बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते. ही जात जगात केवळ येथेच आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे ती मेघालयात व कंबोडियातही आढळली, तरी तिचे दुर्मीळपण सरलेले नाही. गुहेत शिरून आरडाओरडा करण्यात कसले आले आहे शौर्य?

चौथी सूचना जेवणाची व वागणुकीची. घरून दशम्या न्याव्यात हे उत्तम. गावात जेवावयाचे असेल तर चार दिवस आधी निरोप धाडावा, माणसे मोजून सांगावीत आणि मोल विचारून द्यावे. "पाहुण्यांकडून पैसे कसे घ्यायचे?" असा संकोच यजमानांनी दाखविला, तरी आपण त्याचा लाभ उठवू नये. या भागात कोणी मराठी बोलतो, कोणी कोंकणी, कोणी कन्नड. भाषा कोणतीही असो, आधी नमस्कार करावा व मग वाट विचारावी. आणलेला कचरा परत आणावा. मलप्रभेचे पाणी पुढे सौंदत्तीजवळील नविलुतीर्थ येथे अडविले जाते आणि हुबळी-धारवाडची माणसे ते पितात. कणकुंबीस आपण ओढ्यात टाकलेली पिशवी केवळ कणकुंबीपुरती राहत नाही.

आमचे काही मित्र म्हणतात की, इतकी आखणी केली तर सहलीतील मौजच नाहीशी होईल. आम्हांस तसे वाटत नाही. वाट, पाणी आणि परतीची गाडी यांची चिंता मिटली म्हणजेच माणूस मोकळ्या मनाने झाडाखाली बसू शकतो. दुसरे काहीजण म्हणतात, अशा शांत प्रदेशात सहली नेऊच नयेत. या म्हणण्यात तथ्य आहे, कारण पावसाळ्यात धबधब्यांवर उसळणारी गर्दी आम्हीही पाहिली आहे. तथापि जो प्रदेश विद्यार्थ्यांनी कधी पाहिलाच नाही, त्याच्या नद्या-रानांविषयी उद्या त्यांना आस्था कोठून वाटणार? जावे, पण थोड्यांनी जावे. एका वेळी वीसांहून अधिक विद्यार्थी नसावेत, एका शिक्षकांनी आधी जाऊन ग्रामस्थांना भेटून यावे आणि त्यांना सोयीचा दिवस विचारूनच तारीख ठरवावी, अशी आमची शाळेस विनंती आहे.

या वर्षी आम्ही पुन्हा त्या वाडीत जाणार आहोत, आणि ते डिसेंबरात. निरोप आधीच धाडला आहे. पाणी आम्ही बरोबर नेऊ. त्या मावशी भेटल्या, तर विहिरीची वाट विचारून घेऊ आणि त्यांच्या दोन घागरी आमच्या हातांनी भरून आणू. विद्यार्थीबंधुभगिनींनो, तुम्हीही आपल्या सहलीची आखणी याच प्रश्नापासून आरंभावी, की आपण ज्यांच्या दारी जाणार, त्यांचा तो दिवस कसा जाईल?