इतिहासाची वेगळी पंगत

मोठ्या इतिहास परिषदेत ख्रिस्ती इतिहासकारांनी आपली वेगळी बैठक भरवावी काय? अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तेथे १८८४ साली इतिहासकारांची संघटना निघाली, १८८८ साली चर्चच्या इतिहासाची. १८९६ साली धाकटी थोरलीत विलीन झाली. एकत्र नांदणे जमले नाही म्हणून १९०६ साली पुन्हा वेगळी झाली. तरी दोघींची अधिवेशने पुढे जोडीने भरत आली. चूल वेगळी, वाडा एक!

तीर्थपुरीत बसून ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. कारण जवळच आहे. जालन्याजवळ बेथेल ही वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवली. जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याला बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन हिंदू धर्मात परत घेतले. बाळशास्त्रींच्या चरित्रात हे प्रकरण हटकून येते. म्हणजे परत आलेला भाऊ महाराष्ट्राच्या इतिहासात राहिला, गेलेला भाऊ चर्चच्या इतिहासात गेला! वास्तविक नारायणरावांचे काम इकडच्या महार-मांगांत झाले. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचे गाव मिळणे ही काय एकट्या चर्चची बातमी आहे? माझ्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. कोणाच्या घरात पहिले अक्षर केव्हा शिरले, हे मला राजांच्या सनावळीपेक्षा मोठे वाटते.

माझे मत असे : वेगळी बैठक जरूर असावी. मिशनचे अहवाल, बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचायला जाणकारच हवेत. भरल्या मंडपात ते होत नाही. पण बेथेलवरचा निबंध तेथेच वाचला, तर ऐकणारे सगळे आधीच मान डोलावणारे. किती जण ख्रिस्ती झाले, एवढेच विचारले जाण्याची भीती. जमीन कोणाच्या नावावर होती, मांग आणि महार एका पंगतीला बसले का, हे अवघड प्रश्न मोठ्या सभागृहातले शेतीचे आणि जातीचे अभ्यासकच विचारतील. आणि त्या सभागृहालाही ‘ते त्यांचे आहे’ म्हणून उठून जाता येणार नाही.

धर्म मानणारा माणूस तटस्थ इतिहास लिहील का, ही शंका वर्गात निघाली. समर्थांचे जांब आपल्याच तालुक्यात आहे. त्यांच्यावर लिहिणाऱ्या भक्ताला आपण ही अट घालतो काय? दोघांनाही कागद दाखवायला सांगावे, म्हणजे झाले.

इतिहास विभागाने यंदाची सहल वेरूळऐवजी जालन्याला काढावी. भाडेही कमी पडेल.