वहीत ‘छान’ लिहिण्याआधी

मुलांनो, कोणतंही प्रदर्शन पाहून बाहेर पडताना दाराशी एक टेबल दिसतं. टेबलावर एक वही असते आणि कुणी पळवू नये म्हणून वहीला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन असतं. ही अभिप्राय-वही. जे पाहिलं ते कसं वाटलं, हे तिच्यात लिहायचं असतं. पुढच्या वेळी ती हातात आली, की लिहिण्याआधी मागची चार पानं चाळा बरं! काय दिसेल? ‘छान.’ ‘खूप छान.’ ‘अतिशय सुंदर उपक्रम. शुभेच्छा!’ आणि त्याखाली एखाद्या आळशी महाशयांनी लिहिलेलं असतं, ‘वरीलप्रमाणे’!

ज्यानं ते प्रदर्शन मांडलं, तो माणूस रात्री घरी गेल्यावर ही वही वाचतो. ‘छान’ वाचून त्याला बरं वाटतं, यात शंका नाही. पण तुम्ही कशापाशी थांबलात? काय खटकलं? काय समजलं नाही? यातलं त्याला काहीच कळत नाही.

आज आपण अभिप्रायांबद्दलच बोलू या आणि त्यासाठी प्रदर्शन घेऊ छोट्या रेल्वेगाड्यांचं. कारण रेल्वेबद्दल मत नाही, असा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही!

पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचं एक संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी सर्वांसाठी खुलं झालं. एक चिमुकलं शहर, त्यातले पूल, सिग्नल, स्टेशनं आणि त्यामधून धावणाऱ्या गाड्या तिथं पाहायला मिळतात. दिवे मालवून तिथं रात्रही करतात. इंग्लंडमध्ये तर हा छंद फार जुना आहे. लंडनचा ‘मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० मध्ये स्थापन झाला. तिथली हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी एखाद्या शाळेच्या सभागृहात टेबलं जोडून आपापली रेल्वे मांडतात आणि लोक तिकीट काढून पाहायला येतात.

यातल्या पुष्कळ गाड्या १:८७ या प्रमाणात बनवलेल्या असतात. या मापाला ‘एचओ’ म्हणतात. म्हणजे खरी वस्तू तिच्या ८७ पट मोठी. आपल्या रेल्वेचा निळा डबा साधारण २१ मीटर लांबीचा. त्याला ८७ ने भागा. सुमारे चोवीस सेंटिमीटर येतात, म्हणजे तुमच्या फूटपट्टीपेक्षाही कमी. आणि १३० सेंटिमीटर उंचीची मुलगी फलाटावर उभी केली, तर ती भरेल दीड सेंटिमीटर!

आता ऐका, अशा प्रदर्शनातून बाहेर पडणारे लोक काय काय बोलतात ते.

‘हात लावू देत नाहीत!’

ही तक्रार बहुधा तुमच्याच वयाच्या मंडळींची. तुमचं चुकत नाही. गाडी दिसली की ती ढकलावीशी वाटणारच. पण जरा त्या गाडीच्या चाकाकडे पाहा. रुळावरून घसरू नये म्हणून चाकाला आतल्या बाजूनं एक कड असते. एवढ्या छोट्या गाडीत ती कड जेमतेम एक मिलिमीटर उंचीची असते. रुळावर एखादी टाचणी पडली, तरी गाडी घसरते. शिवाय बहुतेक ठिकाणी गाडीला वीज मिळते ती रुळांमधूनच. एका रुळातून ती येते, इंजिनातली मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. तुमच्या बोटांना घाम असतो, तेल असतं, मघाशी खाल्लेल्या चिवड्याचा मसालाही असतो! त्याचा थर रुळावर बसला, की वीज चाकापर्यंत नीट पोचत नाही आणि गाडी अडखळते. म्हणून तर प्रदर्शन मांडणारे लोक पुन्हा पुन्हा रूळ पुसत असतात. ‘हात लावू नये’ या पाटीमागं रागच असतो असं नाही, हे कारण असतं. पाटीखाली एका ओळीत ते लिहिलं असतं, तर किती बरं झालं असतं! पाहा, हाही एक चांगला अभिप्राय झाला.

‘स्टेशनं किती जवळ जवळ! अशी कुठं रेल्वे असते का?’

असं म्हणणारे आजोबा बरेचदा रेल्वेतच नोकरी केलेले असतात. त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पण जरा हिशेब करू. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर होतं ३४ किलोमीटर. या अंतराला ८७ ने भागलं, तर उत्तर येतं सुमारे ३९० मीटर. म्हणजे ही एवढीशी वाट मापात मांडायची, तरी चारशे मीटर धावण्याच्या मैदानाची जवळजवळ एक पूर्ण फेरी लागेल! एवढं दालन आणायचं कुठून?

घाटाचं तर विचारूच नका. खंडाळ्याच्या घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढं जावं, तेव्हा गाडी १ मीटर वर चढते. छोट्या रेल्वेत एका गाडीला दुसऱ्या गाडीच्या डोक्यावरून पुलावरून न्यायचं, तर तिला साधारण साडेसात सेंटिमीटर वर चढवावं लागतं. तोच चढ ठेवायचा, तर त्यासाठी पावणेतीन मीटर रूळ हवेत. घरातल्या खोलीची एक अख्खी भिंत एका चढातच संपली!

म्हणून प्रदर्शन मांडणाऱ्याला निवडावं लागतं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं? वीस मजली इमारतींऐवजी चार मजली, दहा स्टेशनांऐवजी दोन. नकाशा काढताना तुम्हीही हेच करता की! तेव्हा त्या आजोबांना तुम्ही हळूच विचारा, ‘आजोबा, तुम्ही मांडलं असतं, तर काय गाळलं असतं?’ मग पाहा, अर्धा तास गप्पा रंगतील.

‘सगळ्या परदेशी गाड्या! आपली डेक्कन क्वीन कुठं आहे?’

हा अभिप्राय मला फार आवडतो, कारण याचं उत्तर शोधताना भूगोल आणि गणित दोन्ही लागतात. एचओ मापाच्या तयार रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. का? तर युरोप-अमेरिकेत खऱ्या रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी १४३५ मिलिमीटर आहे. भागा ८७ ने. आलं ना बरोबर? आपली मोठी लाइन मात्र १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं, की सव्वाएकोणीस येतात. म्हणजे डेक्कन क्वीन तंतोतंत मापात बनवली, तर ती बाजारातल्या तयार रुळांवर बसणारच नाही! रूळ तरी हातानं बनवा, नाही तर चाकं जवळ आणा. आणि चाकं जवळ आणली, की जाणकार लगेच म्हणणार, ‘गाडी आपली, पण रूळ परके!’ तरीही भारतीय इंजिनं आणि डबे बनवणारे हौशी लोक आपल्याकडे पुढं आले आहेत. ‘आपली गाडी कुठं आहे?’ हा प्रश्न कुणाला तरी टोचल्याशिवाय का ते या भानगडीत पडले असतील?

‘गाडी मधेच घसरली.’

याबाबत प्रेक्षकांमध्ये दोन पक्ष असतात. एका पक्षाला सतत काहीतरी धावताना हवं असतं. एक मिनिट रूळ रिकामे दिसले, की ही मंडळी पुढच्या टेबलाकडे निघाली! दुसऱ्या पक्षाला गाडी धावली नाही तरी चालतं. ते पाहतात स्टेशनची कौलं, सिग्नलची शिडी, सायकलला टेकून उभा असलेला इवलासा पोस्टमन. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. पण गाडी घसरली, की पहिला पक्ष हसतो आणि दुसरा पुढं सरकून पाहतो. तुम्हीही पुढं सरका. गाडी कुठं घसरली? वळणावर, की सांध्यावर? तिथंच पुन्हा घसरते का? मांडणारा माणूस आधी चाक तपासतो, की रूळ? धावणारी गाडी दिवसभर दिसतेच. ती दुरुस्त कशी करतात, हे मात्र नशिबात असलं तरच दिसतं.

‘मला दिसलंच नाही.’

हा अभिप्राय सर्वांत महत्त्वाचा, आणि वहीत सर्वांत कमी वेळा सापडणारा. आमच्या शाळेतलीच गोष्ट सांगते. विज्ञान प्रदर्शनात सातवीच्या मुलांनी सेलवर चालणारी खेळण्यातली गाडी घेऊन एक घाट मांडला होता. खोक्यांचे डोंगर, त्यावर रंगवलेला भुसा, दोन बोगदे. लहान मुलांचे हात लागू नयेत म्हणून त्यांनी बाकांवर बाकं चढवून सगळं उंच केलं होतं. वहीत नेहमीप्रमाणे ‘छान’, ‘खूप छान’ची रांग लागली. आणि मग पहिलीतल्या एका मुलीचं अक्षर, मोठं, तिरकं : ‘मला डोंगर दिसला. गाडी दिसली नाही. आवाज आला.’

मुलं आधी हसली. ‘अगं, गाडी बोगद्यात असेल तेव्हा!’ असं एकजण म्हणालादेखील. पण ज्यानं बोगदे केले होते, तो मुलगा काही न बोलता बाकासमोर गुडघ्यांवर बसला. तिच्या उंचीवरून त्याला दिसली बाकाची कड, आणि वर डोंगराचा शेंडा. गाडी एकदा गेली, दोनदा गेली. नुसता आवाज आला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी त्या मुलांनी विटांवर एक लांब फळी टाकली आणि ‘लहानांनी इथं उभं राहावं’ अशी पाटी लावली. ती मुलगी परत आली. वहीत तिनं काहीच लिहिलं नाही. पण मधली सुट्टी संपेपर्यंत फळीवरून उतरली नाही!

पानभर ‘छान’ होते, पण फळी आली ती त्या तीन छोट्या वाक्यांमुळं. तिनं कुणाला नावं ठेवली नव्हती, कुणाची स्तुतीही केली नव्हती. काय दिसलं आणि काय नाही, एवढंच सांगितलं होतं. आणि हो, ‘एकदम बोअर’, ‘पैसे वाया गेले’ असं लिहिणाऱ्यांनी हुशारी मिरवू नये. कारण न सांगता ठेवलेलं नावही ‘छान’इतकंच आळशी असतं.

प्रेक्षकांना नेमकं काय हवं असतं, याचा विचार केला की प्रदर्शन कसं होतं, हे पाहायचं असेल तर जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराकडे बघा. तिथं फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये ‘मिनिआटुर वुंडरलांड’ सुरू केलं. एचओ मापाची जगातली सर्वांत मोठी रेल्वे तिथं आहे. हजारांहून अधिक गाड्या, आणि २०११ पासून तर विमानं उडवणारा विमानतळही! तिथं दर पंधरा मिनिटांनी रात्र होते आणि चिमुकल्या घरांमधले दिवे लागतात. ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी ठिकठिकाणी बटणं ठेवली आहेत. दाबलं की काहीतरी हलतं. चॉकलेटच्या कारखान्याचं बटण दाबलं, तर खरोखरचं चॉकलेट हातात पडतं! रूळही सुरक्षित आणि मुलंही खूश.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. पालकहो, प्रदर्शनात मुलांचा हात धरून ‘बघितलंस ना? चल आता’ असं म्हणण्याआधी थोडं थांबा. तुम्हाला जे दोन मिनिटांत दिसतं, ते मुलाला दोन मिनिटांत दिसत नाही. तो एकाच डब्यामागं नजर लावून तीन फेऱ्या पाहतो, आणि त्याचं पाहणं तिथंच सुरू होतं. एकदा त्याच्या शेजारी वाकून, त्याच्या उंचीवरून पाहा. बाहेर पडताना वही समोर आली, की ‘लिही, खूप छान’ असं सांगू नका. आणि ‘आवडलं का?’ असंही विचारू नका, कारण त्याचं उत्तर ‘हो’ एवढंच येतं. ‘मला दिसलं नाही, असं तू काय पाहिलंस?’ असं विचारून बघा. आणि तो ‘मला कंटाळा आला’ म्हणाला, तर रागावू नका. कुठं आला ते विचारा.

या आठवड्याचं काम

१) आपली उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ८७ ने भागा. तेवढ्या उंचीची कागदी आकृती कापून स्वतःचं नाव लिहा. तुमच्या वर्गाची खोली त्या मापात केवढी होईल, तेही काढा.

२) या आठवड्यात जे काही पाहाल, मग ते प्रदर्शन असो, नाटक असो की शेजारच्या दादानं केलेला किल्ला असो, त्यावर फक्त तीन ओळी लिहा. एक ओळ, तुम्ही थांबून पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल. दुसरी, खटकलेल्या एका गोष्टीबद्दल, पण कारणासह. तिसऱ्या ओळीत एक प्रश्न.

‘छान’ हा शब्द वापरायला बंदी नाही. पण तो सगळ्यात शेवटी लिहायचा, आणि तोपर्यंत तसं वाटत असलं तरच! मग ती वही ज्यानं ते मांडलं आहे त्याच्या हातात द्या आणि तो वाचत असताना पळून जाऊ नका.