काळी काच आणि नवतपा

मे महिना लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गाडीच्या काचांना काळी फिल्म लावली तर आतला ताव कमी होईल का? लग्नसराई असते, मुलांना सुट्ट्या असतात. वलीम्याला कामठीला जायचे, दादीला डॉक्टरकडे नागपूरला न्यायचे, नानीकडे पवनीला मुलांना सोडायचे, आणि पारा पंचेचाळिशीकडे. मागच्या सीटवरचे बाळ लालबुंद होते तेव्हा दुकानदार म्हणतो, "काळी करून टाका, एकदम थंड." हे "एकदम थंड" जरा तपासून घेतले पाहिजे, कारण त्यात पैसेही जातात आणि चौकात पावतीही फाटते.

आधी कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 100 प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन काचेवर कितीही टक्क्यांची फिल्म किंवा इतर काहीही चिकटवायला देशभर मनाई केली. सूट ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेतल्या मंडळींसाठी. आपल्यापैकी कोणी त्यात बसेल असे वाटत नाही! पुढे एप्रिल 2021 पासून नियमात काचेबरोबर 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. त्याच्या आधारे सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असे म्हटले. दुकानदार आता हाच निकाल दाखवतात. पण केरळच्या न्यायालयाचा निकाल भंडाऱ्याच्या चौकातला पोलीस मानेलच, अशी खात्री आम्ही तरी देणार नाही.

टक्क्यांच्या हिशेबातही एक गोम आहे. "ही 70 टक्केवाली आहे, बाजूला बिनधास्त लावा," असे सांगतात. पण मूळ काच स्वतःच थोडा प्रकाश अडवते. काच 75 टक्के आणि फिल्म 70 टक्के असेल तर दोन्ही मिळून 52 टक्क्यांच्या आसपास प्रकाश जातो, म्हणजे जेमतेम नियमात. फिल्म 50 टक्क्यांची घेतली तर एकूण 37 टक्केच उरतो आणि गाडी सरळ नियमाबाहेर जाते. म्हणून दुकानात विचारायचे ते काच आणि फिल्म मिळून किती, हे.

आता खरा मुद्दा. उन्हातली जवळजवळ निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते. त्यांना इन्फ्रारेड म्हणतात. काच किती काळी दिसते याचा या किरणांशी फारसा संबंध नाही. साधी रंगवलेली काळी फिल्म डोळ्यांवरचा झगझगाट कमी करते, पण ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातला काही ताव आत सोडते. गाडी धावत असताना बाहेरचा वारा काच थंड ठेवतो म्हणून थोडा फायदा जाणवतो. गाडी उभी राहिली की तोही जातो. याउलट सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही इन्फ्रारेडचा मोठा भाग अडवते. ती महाग असते. म्हणजे जी काळी दिसते ती थंड करतेच असे नाही, आणि जी थंड करते तिला काळे असण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट क्वचितच कोणी सांगते. नवतपा 25 मेला सुरू होतो आणि भंडाऱ्यात 26 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीचीही सावली पडत नाही. त्या वेळी बाजूच्या काचांवर ऊन पडतच नाही म्हटले तरी चालेल. सगळा मारा टपावर आणि पुढच्या तिरप्या काचेवर असतो. बाजूच्या काचा काळ्या करून दुपारी बाराच्या प्रवासाला काय मिळणार? पांढऱ्या रंगाची गाडी आणि टपाखालचे चांगले अस्तर इथे जास्त कामाचे. जुन्या ट्रॅव्हलर किंवा व्हॅनमध्ये पत्र्याखाली नुसते रेक्झिन असेल तर फिल्मचे पैसे आधी तिथे घाला.

बाजूच्या काचांचा प्रश्न सकाळी आणि तीननंतर येतो, आणि तो रस्त्याच्या दिशेवर ठरतो. नागपूर रस्ता पूर्व-पश्चिम आहे. सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना ऊन पाठीमागून येते, म्हणजे मागे बसलेल्यांच्या मानेवर. पवनी आणि तुमसरचे रस्ते साधारण दक्षिण-उत्तर आहेत. तिसऱ्या प्रहरी भंडाऱ्याहून पवनीला निघालात तर ऊन उजव्या खिडकीतून येणार. तेव्हा दादी आणि बाळ डाव्या बाजूला बसवा. येताना उलट. यात खर्च शून्य. चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला मात्र पूर्ण बाहीचा सुती कुडता हवा. पुढची काच दोन थरांची असते, त्वचा काळवंडणारे किरण ती बरेच अडवते. बाजूची काच तितके अडवत नाही.

काही घरांत फिल्म लावतात ती उन्हासाठी नव्हे, पडद्यासाठी. प्रवासात बायका-मुलींकडे कोणी टक लावून पाहू नये ही इच्छा चुकीची कशी म्हणणार? पण ती याचिका न्यायालयात गेली तीच काळ्या काचांआड होणाऱ्या गुन्ह्यांवरून. त्यात स्त्रियांवरील अत्याचार होते. रात्री रस्त्यात काही बरेवाईट झाले तर गाडीत कोण आहे हे बाहेरून दिसणे हीच तिची सुरक्षा असते. आम्हाला ओढणी पुरेशी वाटते. जाळीचे पडदे गाडी उभी असताना खुशाल लावा, चालू गाडीत ते लावून पोलिसाशी वाद घालू नका.

उभ्या गाडीचे आणखी थोडे. तापलेली गाडी पाच मिनिटांत थंड करण्यासाठी एसी पूर्ण सोडून बसू नका. आधी चारही दारे उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, पहिला अर्धा किलोमीटर काचा खाली ठेवा, मग एसी लावा. उभी करताना पुढच्या काचेला आतून चकचकीत सनशेड लावली तर स्टिअरिंगला हात लागतो. इन्सुलिन आणि औषधे डॅशबोर्डवर ठेवू नका, ती खराब होतात.

आणि मुले. "दोन मिनिटांत येते" म्हणून झोपलेले लेकरू गाडीत ठेवून दुकानात जाणाऱ्या आया आम्ही पाहतो. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलेले आढळले, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. तिथे बाहेर 22 ते 36 अंश होते. आपल्याकडे 45 असतात. लेकराला कडेवर घ्या, दुकानदार थांबेल.

नागपूर साठ किलोमीटर आहे. फजरची नमाज आटोपून निघालात तर आठच्या आत पोहोचता, आणि परतीला असरनंतर निघालात तर सूर्य पाठीशी असतो. मागच्या काचेकडे बसणाऱ्यांच्या मानेवर तेवढा ओला दुपट्टा द्या.