लघवीतून मेंदूचा टीबी कळतो का?

२० मार्चला महाडला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी गर्दी लोटते. त्या गर्दीत यंदा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरची एक भगिनी आम्हाला भेटली. कडेवर साडेतीन वर्षांचा नातू. तिने मोबाईलवर आलेला एक मजकूर आमच्यापुढे धरला. लहान मुलांच्या मेंदूचा टीबी आता नुसत्या लघवीवरून ओळखता येतो, असे त्यात लिहिले होते. तिचा प्रश्न सरळ होता, "दादा, असं होतं तर आमच्या पोराच्या पाठीत सुई का घातली?"

तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. ते आज या सदरातून देत आहोत, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी त्या मुलाची हकिकत. बुद्धपौर्णिमेला त्याचा काका मुंबईहून गावी आला. दोन महिने खोकत होता. घरात पुतण्याचे लाड झाले, एका ताटात जेवणे झाली, एका गोधडीत झोपणे झाले. पुढे वर्षावासाच्या दिवसांत पोराला बारीक ताप येऊ लागला. औषध दिले की उतरे, दोन दिवसांनी पुन्हा येई. दुसऱ्या आठवड्यात पोर किरकिरे झाले. खेळेना, जेवेना, सकाळी उठल्याबरोबर उलटी करी. कुणी जंत म्हणाले, कुणी दृष्ट म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात डोळा तिरळा झाला आणि आकडी आली. तेव्हा घरच्यांनी आधी भगत बोलावला. दोन दिवस अंगारे-धुपाऱ्यात गेले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातसुद्धा पोराला आकडी आली की भगत आठवतो, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. पण लिहिले पाहिजे. मग महाड, मग मुंबई. तिथे डॉक्टरांनी पाठीतले पाणी काढायचे म्हटले तर नातेवाईक अडून बसले. "पाठीत सुई घातली की पोर पांगळं होतं." आणखी एक दिवस गेला.

पोर वाचले. चालते, हसते. उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. घरात अजून काही जण म्हणतात, ते सुईमुळे झाले.

ते सुईमुळे झालेले नाही. आपल्या पाठीच्या कण्यातली मुख्य मज्जारज्जू कमरेच्या वरच संपते. खाली उरतात त्या सुट्या नसा, पाण्यात तरंगणाऱ्या. डॉक्टर सुई घालतात ती त्या खालच्या जागी. मेंदूत दाब फार वाढला आहे असा संशय असेल तर आधी स्कॅन काढून मगच सुई घालतात. हात गेला तो रोगाने. या रोगात मेंदूच्या बुडाशी चिकट सूज धरते. तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून मरतो. पाणी तुंबून डोकेही फुगते; मग ते वळवण्यासाठी नळी बसवावी लागते. तिसऱ्या आठवड्यातला एकेक दिवस इथे महाग पडतो.

आता लघवीचे. त्या मजकुरात अगदीच खोटे होते असे नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या बाजूला मुलांमध्ये हा रोग फार. तिथल्या आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी मिळून अशा आजारी मुलांची लघवी मोठ्या यंत्रावर तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. निरोगी मुलांच्या मानाने या मुलांच्या लघवीत काही आम्लांचे प्रमाण वेगळे दिसले. त्यांतली चार त्यांनी खूण म्हणून निवडली: मेथिलसायट्रिक, कीटोग्लुटारिक, क्विनोलिनिक आणि हायड्रॉक्सीहिप्युरिक. नावे विसरली तरी चालतील, पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. रोग डोक्यात, मग खूण लघवीत कशी? क्विनोलिनिक आम्लाचेच पाहा. टीबीशी लढताना शरीरातल्या रक्षक पेशी आपल्या अन्नातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकाचे तुकडे करतात. त्या कामातून हे आम्ल उरते, आणि ते मज्जापेशींना विषारी असते. मेथिलसायट्रिकची गोष्ट निराळी. टीबीचा जंतू आपल्या शरीरातली चरबी खाऊन जगतो, आणि ती पचवण्याच्या त्याच्या रीतीत हे आम्ल येते. चुलीत काय जळते आहे हे घरात न शिरता धुराच्या वासावरून ओळखावे, तशातला हा प्रकार. उपचार सुरू झाल्यावर या खुणा बदलतात का, हेही त्यांनी पाहिले.

मग हे तपासणीगृहात का मिळत नाही? कारण मुले थोडी होती. इतक्या थोड्या मुलांवरून देशोदेशीच्या मुलांना लागू पडेल असा नियम ठरत नाही. कुपोषण, इतर ताप, दुसऱ्या जंतूंचा मेंदूज्वर यांतही लघवी बदलते. आपल्या मुलांचे खाणे वेगळे, पोटातले जंतू वेगळे. शिवाय ते यंत्र महाग. तेव्हा आज महाडच्या, मुंबईच्या कुठल्याही तपासणीगृहात लघवी देऊन मेंदूच्या टीबीचे निदान होत नाही. कुणी तसे सांगून पैसे मागितले तर देऊ नका. लघवीची एक पट्टी टीबीसाठी वापरतात खरी, पण ती मुख्यतः एचआयव्ही असलेल्या रुग्णांसाठी, आणि ती निराळी चाचणी आहे.

तोवर पाठीतले पाणीच पाहावे लागते. त्यात साखर उतरलेली असते, प्रथिने वाढलेली असतात, पांढऱ्या पेशी दिसतात. त्याच पाण्यावर सीबीनॅट चाचणी करता येते. मात्र मेंदूच्या पाण्यात जंतू इतके थोडे असतात, की चाचणीत टीबी आला नाही म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. जंतू वाढवून पाहायचे तर आठवडे जातात. म्हणून अनुभवी डॉक्टर रिपोर्टाची वाट न पाहता औषध सुरू करतात. घरच्यांनी त्याला घाई समजू नये. आपल्या नागपूरला सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या संशोधकांनी याच पाण्यातली टीबीच्या जंतूची प्रथिने शोधून निदान लवकर करता येईल का, यावर बरेच काम केले आहे.

एवढे असूनही लघवीच्या शोधाला आम्ही नावे ठेवणार नाही. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून पावसाळ्यात मूल खाली आणायचे, महाडला आणायचे, तिथून पावणेदोनशे किलोमीटर मुंबई. पाठीतले पाणी काढायला हात आणि धीर दोन्ही लागतात; लघवी मात्र कुठल्याही आरोग्य केंद्रात घेता येते. आणि संशोधन परदेशातच होते असे कुणी म्हणू नये. विंचूदंशाने माणसे मरत असताना महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी त्यावर वापरली, आणि ते काम लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापून आले. याच मातीतून झालेले काम आहे ते. टीबीच्या पोरांसाठीही इथूनच कुणी का उभे राहू नये?

या रोगावर २०१४ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. उपचार मिळालेल्या मुलांतही शंभरात सुमारे १९ दगावली, आणि जगलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत काहीतरी अधूपण राहिले. बहुतेकांचे निदान उशिराच झालेले होते. स्ट्रेप्टोमायसीन येण्यापूर्वी हा रोग म्हणजे मरणच होते, हे आठवले तर हा आकडा सुधारलेला आहे. पण ज्या घरात एकच नातू आहे त्या घराला शेकडेवारी काय सांगावी?

त्या भगिनीला आम्ही नंतर निरोप पाठवला, तो असा. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताप आठवडाभर हटत नसेल आणि ते खेळायचे सोडून मलूल पडत असेल, सकाळी उलट्या होत असतील, तान्ह्याची टाळू फुगली असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे की घरात कुणी खोकत होते. हे एक वाक्य कितीतरी वेळा कुणी बोलतच नाही. लाज वाटते, काकाचे नाव खराब होईल असे वाटते. मुंबईच्या चाळींतून गावाला खोकला येणे ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. गिरण्यांच्या काळातही तेच होते. त्यात काकाचा गुन्हा काय?

बीसीजी जन्मतःच घ्यावी. ती फुप्फुसाचा टीबी नेहमी अडवत नाही, पण लहान मुलाला मेंदूच्या टीबीपासून बरेच संरक्षण देते. घरातल्या मोठ्या माणसाला टीबी निघाला तर पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची तपासणी करून, रोग नसल्याची खात्री झाल्यावर, प्रतिबंधक गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. आता मोठ्यांनाही त्या देण्याचे धोरण आहे. रोग झालेल्या मुलाचे औषध आपल्याकडे साधारण वर्षभर चालते, ते मध्ये सोडायचे नाही. पोषणासाठी टीबीच्या रुग्णाला महिना १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते.

निरोपाचे उत्तर आले. काकाचे औषध पुरे झाले आहे, तो मुंबईला कामावर परत गेला. नातवाला रोज सकाळी आजी हाताचा व्यायाम देते, वाटीतले शेंगदाणे उजव्या हाताने उचलायला लावते. धाकटी बहीण दीड वर्षाची. तिच्या गोळ्या कुणी सुरूच केल्या नव्हत्या. आशाताई आता तिला तपासायला घेऊन गेल्या आहेत.