चराईबंदी आन् वणवा

आमच्या माहूरच्या डोंगरांचं वाटोळं ढोरांनी केलं, असं बोलायची आता पद्धतच पडली आहे. झाडं लावायचा कार्यक्रम असो की बैठक, साहेब लोक उठले की पहिलं बोट ढोरक्याकडे. चराईबंदी करा, डोंगर हिरवा होईल! मी दहावीपर्यंतच शिकलो, पण गवत पन्नास वर्षं पाहतोय. मला हे पटत नाही.

दात लागल्यानं गवत मरत नाही. दात कधी लागला ते पाहावं लागतं. मिरगाच्या पावसावर कोंब फुटतो तो मुळातल्या शिल्लकीवर. वीतभर व्हायच्या आत ढोरानं तो पुन्हा पुन्हा खुडला की मूळ रितं होतं. मारवेल, पवन्या ही गोड गवतं ढोर शोधून खातं, म्हणून तीच आधी जातात. मागं तरोटा आन् कुसळी. आमच्या गावात जुनी माणसं पोळ्यापर्यंत डोंगराची एक बाजू राखायची, तिकडं कुणाचं वासरूही फिरकत नसे.

मग आता ढोरं मिरगातच डोंगरावर का चढतात? हे कुणी विचारत नाही. ज्वारी होती तोवर कडब्याची गंजी पाऊस लागेपर्यंत पुरायची. ज्वारी हटली, सोयाबीन आलं. सोयाबीनचं भुसकट कडब्याची जागा घेईल काय? दाणा मोंढ्यावर गेला, दावण रिकामी राहिली. उपाशी लाल कंधारी गाय कोणता जीआर वाचणार!

आता बंदीचं ऐका. गवत चारलं नाही, कापलंही नाही, तर दिवाळीनंतर ते उभ्यानं वाळतं, लोळतं, आणि जुनं गवत नव्याला दाबून टाकतं. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा काढतात. रेषा पाहिजेच. पण दोन्ही अंगाला कमरेएवढं वाळलेलं गवत ठेवलं तर वाऱ्यावरची ठिणगी रेषा ओलांडणारच. मग वणवा लागला की पुन्हा ढोरकी गुन्हेगार.

इस्तू लावणाऱ्यांचीही मी बाजू घेत नाही. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखाली, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून रानात आग लावतात. वर सांगतात, राखेवर गवत जोमात येतं. येतं ना, पण कोणतं? कुसळीचं बी पीळ घेत घेत मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं. इतरांचं पुष्कळसं बी पाचोळ्यात पडून जळतं. दरसाल जाळाल तर दरसाल कुसळीच वाढवाल. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात पैनगंगेला जाते, ती वेगळीच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. छाटणी आणि आग टळावी म्हणून हातचा पैसा सोडला. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे, तसं जंगल राखायचं कामही ग्रामसभेवर आहे. आपण पहिलं तेवढं वाचतो.

डोंगराचे वाटे पाडा. एक वाटा पोळ्यापर्यंत बंद, पुढच्या साली दुसरा. बी झडलं की विळे घेऊन गवत कापा, दावणीला आणा. कोणता वाटा, किती ढोरं, हे ठरवायला ढोरक्याला बैठकीत बसवा. आजवर त्याला फक्त दंडाची पावती फाडायला बोलावलं आहे.